रात्री सुटलेलं रेडकू

सलग तिसऱ्या सोमवारी ओम्नी मेली.
चावी फिरवली की आतून नुसतं टक्. टक्.
फुलेवाडी, तिसरा स्टॉप, आमच्याच गल्लीची अकरा पोरं,
अकरा वॉटरबॅगा, एकीची आई घड्याळाकडं बघत.
ढकलून चालू केली. पोरांनीच ढकलली,
शाळेला जाताना एवढं हसलेली मी त्यांना बघितलं नव्हतं.

दुपारी उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगारांकडं.
शेजारी लेथ किंचाळत होतं.
मी म्हटलं, चार्जरनंच खाल्ली असणार बॅटरी.
नवा घेतलाय, तीन अँपिअरचा.
एवढा करंट फोनलाच झेपत नसंल.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत कानावरच ठेवली.
"गंगावेशीत धार काढताना बघितलीसा न्हवं, ताई?
म्हैस बारा लिटरची असू दे, न्हाईतर वीस लिटरची,
रेडकू पोटापुरतंच ओढतंय.
म्हैस काय दूध कोंबत न्हाई त्याच्या नरड्यात.
अँपिअर म्हंजे द्यायची ऐपत.
घ्यायचं किती, ते फोन ठरवतोय.
व्होल्ट तेवढं जुळाय पायजे बगा,"
जरा थांबून, "व्होल्ट म्हंजे पान्हा म्हणा."

शाळेत ओहमचा नियम पाठ केला होता मी.
मार्कही पडले होते.

मग मायनसची वायर सोडली,
वायर आणि बॅटरी, दोघांच्या मध्ये मीटर धरलं.
चावी माझ्या पर्समध्ये. दारं लावलेली. दिवे बंद.
०.३१
"समदं झोपलंय म्हणताय, आन् कोण तर पितंय."
चार्जर उपटला. ०.२९
"ह्यो बिचारा थेंबाथेंबानं.
दुसरंच रेडकू सुटतंय रात्रीचं."

हॉर्नचा फ्यूज काढला, आकडा तेवढाच.
वायपरचा, तेवढाच.
टेपचा काढला
आणि आकडा धपकन खाली. ०.०२

पण गाडीत टेप नाहीच.
तो पुराच्या पाण्यात गेला, कधीचाच.

शिकलगारांचा जुबेर डॅशबोर्डाखाली उताणा शिरला,
तोंडात मोबाईल धरून, त्याच्याच उजेडात.
काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली डबी निघाली,
काडेपेटीएवढी, एक हिरवा ठिपका लुकलुकत.
"ट्रॅकर हाय. सिमकार्डवाला. स्वस्तातला, झोपतच न्हाई.
शाळेनं बसवलाय?"
शाळेनं नाही.
"मग मालकानं?"
मालक मीच आहे. आरसी बुक माझ्या नावावर आहे.

शिकलगारांनी पोराकडं बघितलं.
जुबेर पक्कड आणायला आत गेला.
पक्कड त्याच्या हातातच होती.

शनिवारी दुपारी दोन ते सोमवारी सकाळी सहा,
चाळीस तास. गुणिले ०.२७.
त्या चाळीस तासांत मी कुठं होते?
भाकऱ्या थापत होते. गणवेश धूत होते.
एकदा आईकडं, रंकाळा स्टँडला, तेही चालत.
गाडी जागची हलली नाही
आणि ही डबी रात्रभर कुणाला तरी सांगत राहिली:
इथंच आहे.
इथंच आहे.
इथंच आहे.

"तोडू?"
नको, म्हटलं. मध्ये बटण घाला.
माझ्या हाताला लागेल असं.
"व्हय," एवढंच म्हणाले.
ऐंशी रुपये घेतले, बटणाचे. शोधण्याचे नाही.

शनिवारी गाडी लावली, बटण दाबलं.
रात्री जेवताना, भाकरी मोडता मोडता,
"गाडीची बॅटरी उतरली काय गं?"
कशावरून, मी विचारलं.
फोन चार्जिंगला लावायला ते उठले.
आमटी निवली.

सोमवारी पहिल्याच चावीला गाडी लागली.
अकरा पोरं जरा हिरमुसली.